माळवद उतरवलं तेव्हा

"बाई, खाली माणूस हाय तंवर मी वर फावडं लावनार न्हाई," मैनुद्दीन मिस्त्री शिडीवरूनच म्हणाले. "तुम्ही मालकीण. तुम्हीच बोला तिच्याशी."

"बोलले की हो. चार दिवस बोलतेच आहे."

"मग आज भांडा."

मी मान वर करून बघितलं. ओळीतल्या सात खोल्यांपैकी सहा खोल्यांवर आता नुसतं आभाळ होतं. माती उतरली होती, तुळया निघाल्या होत्या, भिंतींवरचे चुलीच्या धुराचे काळे पट्टे उन्हात उघडे पडले होते. सातवीवर तेवढं माळवद शिल्लक होतं. हातभर जाड पांढरी माती, वर्षानुवर्षं थरावर थर देत गेलेली. आणि त्या मातीखाली केराआक्का सुपात तुरी निवडत बसली होती. सुपाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, एका लयीत.

मिस्त्री खाली उतरले. सहावी आणि सातवी यांच्या मधल्या भिंतीपाशी त्यांनी मला नेलं. भिंतीला पोट सुटलं होतं. खालून दोन लाकडी धिरे लावलेले होते.

"ह्या फटीत काल मी दगडाची खपली ठोकून बसवली व्हती," ते म्हणाले. "आज सकाळी आलो तर ती खाली पडलेली. म्हंजे फट वाढली. सातवीच्या सगळ्या तुळया ह्याच भिंतीवर हाईत. ही गेली की वरचं समदं आत."

"किती वेळ आहे?"

"ते भिंतीला विचारा. आजची संध्याकाळ मी धरत न्हाई."

ही गोष्ट बार्शीतली, चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली. किल्लारीचा भूकंप होऊन सात-आठ महिने झाले होते. त्या पहाटे आमच्या गल्लीत फळीवरची भांडी वाजली, दोन-चार भिंतींना तडे गेले, एवढंच. पण तेव्हापासून लोक आपापल्या माळवदाकडे मान वर करून बघायला लागले. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार म्हणून जिचं कौतुक केलं, तीच माती आता कुणीतरी छातीवर आणून ठेवल्यासारखी वाटायची.

त्याच पौषात माझे त्र्यंबकमामा वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या सात भाड्याच्या खोल्या माझ्या नावावर झाल्या. चौथीच्या वर्गाला शिकवणारी मी एकाएकी घरमालकीण झाले. बाजारात कुणी 'मालकीणबाई' म्हणून हाक मारली, की माझ्यामागे दुसरी कुणी उभी आहे का, ते मी वळून बघायची.

खोल्यांची दशा वाईट होती. पहिलीच्या दाराला बिजागरी एकच. तिसरीत साप निघालेला. माळवदावर गवत उगवायचं आणि शेजारच्यांच्या शेळ्या वर चढून ते खायच्या, तेव्हा खालच्यांच्या ताटात माती पडायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं उतरवून नव्या भिंती आणि वर स्लॅब घालायचं मी ठरवलं. बिऱ्हाडांची सोय एका बंद पडलेल्या जिनिंगच्या पत्राशेडमध्ये केली. केराआक्का एकटी, म्हणून तिला आमच्याच घरची मागची पडवी. प्रत्येकाला माझ्या सहीचा कागद दिला, की काम झाल्यावर ज्याची खोली त्याला मिळेल. कारण दुरुस्तीच्या नावाखाली बाहेर काढलेली माणसं पुन्हा आत न घेणारे मालक गावात होते, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

आखितीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, खोल्या रिकाम्या झाल्या. बायकांचे डोळे भरून आले होते. कुणी त्या खोलीत बाळंत झालेली, कुणी तिथूनच लेकीला बोहल्यावर चढवलेलं. यांना मोकळ्या हातांनी कसं घालवायचं, असं मलाच वाटलं. मी सूप भरून घेऊन दारोदार गेले. सहा दारांत सहा जणींच्या ओट्या भरल्या. खण, नारळ, तांदूळ.

सातव्या दारात केराआक्का उभी होती. तिचा नवरा जाऊन चाळीस वर्षं झालेली. तिच्यासाठी मी वेगळंच आणून ठेवलं होतं. निळसर इरकली लुगडं, त्या दिवशीच्या सगळ्या वस्तूंत भारी. ते दोन्ही हातांनी तिला दिलं आणि वाकून पाया पडले.

"लई मऊ हाय गं," ती म्हणाली. लुगड्यावरून हात फिरवला. मग माझ्या सुपात डोकावली. सुपात चार-दोन दाणे उरले होते. "शालन, मी उद्या जाते. आज माजी भांडी बांधून व्हायची न्हाईत."

तो 'उद्या' चार दिवस चालला. मिस्त्रींनी पहिल्या टोकाकडून काम सुरू केलं, मीच तसं सांगितलं. म्हटलं, सातवीपर्यंत पोचेस्तोवर जाईल की आक्का. तिथं माझं चुकलं.

*

मी आत गेले. खोली गार होती. ट्रंक बांधलेली, वाकळ गुंडाळलेली, भांडी पोत्यात. सगळं तयार, आणि मधोमध ती, पाय पसरून, पुढ्यात सूप. डाळमिलमधून निवडायला आणलेल्या तुरीचं पोतं शेजारी.

"आक्का, भिंत पडतेय."

"पडू दे. माज्या आदी पडली तर मी बघीन, मागनं पडली तर तू बघ."

"चेष्टा नाही करत मी."

"मी तरी कुटं करतीया?"

"माझ्यावर विश्वास नाही का तुमचा? कागद दिलाय ना?"

"हाय की. ट्रंकंत ठिवलाय. आक्षार चांगलं आसंल तुजं, मास्तरीण हाईस."

"मग? सगळ्या परत येणार, तशा तुम्हीही येणार."

"त्या येत्याल," ती म्हणाली आणि एक खडा वेचून बाजूला टाकला. "त्येंचं मला ठावं हाय."

बाहेरून मिस्त्री ओरडले, "आवो आक्का, या की भाईर! तुमची खोली काय पळून जातीया व्हय?"

"तुज्या हातात फावडं बगून न्हाई पळायची तर काय करील!" ती आतूनच ओरडली. बाहेर गडी हसले. मला हसू आलं नाही.

वरून मातीची बारीक धार सुटली. थेट सुपात, तुरीवर. तिने सूप जरा सरकवलं आणि दोनदा पाखडलं. माती उडून गेली, तुरी राहिल्या.

काय करावं ते मला सुचेना. दोन गड्यांकडून उचलून बाहेर आणता आलं असतं. मिस्त्री सकाळी तसं म्हणालेही होते. पण साठीच्या बाईला तिच्या घरातून उचलून रस्त्यावर ठेवायचं, ते माझ्यानं होणार नव्हतं. मी तिच्यासमोर मांडी घातली.

"मग मीही इथंच बसते."

"ऊठ. तुला दोन लेकी हाईत."

"तुम्ही उठा, मी उठते."

"हट्टी हाईस. त्र्यंबकावानी."

"असेन."

तिने माझ्याकडे बघितलं. मग सुपाची एक कड माझ्याकडे वळवली. आम्ही दोघी निवडायला लागलो. मिस्त्री दारात येऊन उभे राहिले, आम्हाला बघून कपाळावर हात मारून घेतला आणि तिसरा धिरा लावायला गेले. लाकूड ठोकल्याचे आवाज यायला लागले. प्रत्येक ठोक्याला भिंतीतून माती झरायची.

हात चालू असले की तिच्या तोंडात ओवी यायचीच. लहानपणी मामांकडे सुट्टीला आले की मी हिच्या दारात बसून ऐकायची. तेव्हा ती एकामागून एक म्हणत जायची, विहिरीतून पोहरा ओढावा तशी. त्या दिवशी तिनं एकच म्हटली, अगदी हळू.

*सासरी निघाले बाई, माय भरे माझी ओटी*
*पुन्हा येण्याचं वचन, तांदळाच्या दोन मुठी*

आणि थांबली. पुढची येईल म्हणून मी वाट बघितली. आली नाही.

"ही नव्हती ऐकली मी."

"आईची हाय माज्या. दर खेपंला मला सासरी धाडताना म्हनायची. म्हनायची आन् दोन मुठी पदरात घालायची. म्हंजे मी पुना येनार, आसं ठरूनच जायाचं. माज्याबी मनात, तिच्याबी."

"आणि सासरहून माहेरी निघताना?"

"तवाबी भरायचे की. रीतच हाय ती." तिची बोटं थांबली. "मग हे गेले. बावीस वरसाची मी. तेरावा झाला आन् थोरला दीर म्हनला, केरा, म्हैनाभर आईकडं जाऊन ये, मन हलकं हुईल. घर काय कुटं जातंय का? लई ग्वाड बोलला. खोटं न्हाई सांगत, मलाबी बरं वाटलं."

भिंतीपलीकडे ठोके चालूच होते.

"त्याच सकाळी माजी नणंदबी तिच्या सासरी निगाली व्हती. आमी दोगी उंबऱ्यात हुब्या, येक गाठुडं तिचं, येक माजं. जाऊ सूप घिऊन आली. तिची ओटी भरली. मी पदर पुढं केला बघ, सवयीनं. जाऊबाई तशीच मागं फिरली, आत गेली. भाईर आलीच न्हाई."

ती एक तूर बोटांत धरून बसली होती. टाकतही नव्हती, ठेवतही नव्हती.

"नणंद दिवाळीला परत आली. मला न्यायाला कुनी आलं न्हाई. वरीसभर गाडीचा आवाज आला की मी दारात यायची. मग आई गेली. भाऊ म्हनला, बार्शीला गिरनीत काम मिळतंय. मग हितं आले. त्र्यंबकानं ही खोली दिली. तवापासनं मी हिच्यातनं मुक्कामाला कुटं गेले न्हाई, शालन. येकदाबी."

शनिवारची सकाळ माझ्या डोळ्यांपुढे आली. सहा दारांत मी सूप घेऊन थांबले होते. सातव्या दारात मी लुगडं दिलं होतं. मला वाटलं होतं, तिला अवघडल्यासारखं होऊ नये, आपण तिचा मान राखला. आणि तिनं माझ्या जवळजवळ रिकाम्या सुपात बघितलं होतं.

"आक्का, मी भरली असती, पण..."

"पन काय, ते मला ठावं हाय. तुजा काय दोस? आसंच आस्तं ते."

खरं सांगायचं, तर लगेच उठून ओटी भरावी असं धैर्य माझ्यात नव्हतं. विधवेची ओटी भरली तर भरणारीच्या कुंकवाला धक्का लागतो, असं मी जन्मापासून ऐकत आलेली. वर्गात मुलांना मी ग्रहणाचं शास्त्र शिकवायची, फळ्यावर चंद्र-सूर्य काढून. तरी त्या क्षणी मी जागेवरच बसून राहिले. वरून पुन्हा माती पडली, या वेळी मूठभर.

मी उठले. "तुमच्या डब्यात तांदूळ आहेत?"

"हाईत. पर ते कशाला? माज्याच घरचं दानं पदरात घिऊन मी परत कुनाकडं येऊ?"

"मग चला, बाहेर बसा. मी घरून आणते."

"तू आन. मी हितंच हाय."

*

घर दहा मिनिटांवर. मी भर उन्हात पळत गेले. शाळेतल्या दोन मुली वाटेत 'बाई, नमस्ते' म्हणाल्या, मी थांबले नाही.

आमचे हे एसटी डेपोत नोकरीला, त्या आठवड्यात त्यांची दुपारपाळी. जेवून हात पुसत उभे होते.

"काय गं, पडली की काय भिंत?"

"नाही. तांदूळ."

"तांदूळ काय?"

मी डब्यातून तांदूळ काढले, रुमालात बांधले. पेटीतला खण घेतला. "ओटी भरायची आहे. केराआक्कांची."

टॉवेल त्यांच्या हातात तसाच राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित 'भरू का' म्हणून विचारलं असतं, आणि विचारायचं नव्हतं. मी हळदीकुंकवाचा करंडा उचलला.

"नारळ आहे का?" ते म्हणाले.

"नाही."

"वाटेत घेऊ. बस लुनावर. पायी गेलीस तर भिंत थांबायची नाही तुझ्यासाठी."

मी मागे बसले. गल्लीच्या वळणावर ते मान न वळवता म्हणाले, "आणि हे बघ, मला काही झालंच, तर तुझ्या चौथीतल्या पोरांना कारण सांगू नकोस. हसतील."

मी त्यांच्या पाठीवर एक धपाटा घातला.

दुपारची वेळ, दुकानं बंद. नारळ मिळाला नाही. खोल्यांपाशी पोचलो, तर मिस्त्री आमच्याकडे धावत आले. "बाई, आता तुम्ही पण आत जायचं न्हाई. धिरा वाकलाय."

"पाच मिनिटं द्या. ओटी भरली की ती येते."

"वटी?" त्यांनी माझ्या हातातल्या रुमालाकडे बघितलं. "आन् नारळ?"

"नाही मिळाला."

ते वळले, आपल्या थैलीत हात घातला आणि नारळ काढून माझ्या हातावर ठेवला.

"हा तुमचा नवं बांधकाम सुरू करतानाचा ना?"

"काम हेच की. तिला भाईर काडायचंय."

आत केराआक्का उठून उभी होती. मी येताना तिला दिसले असणार. सूप बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेलं, तोंड धुतलेलं, केसांवरून पाणी फिरवलेलं. तिनं पदर पुढे केला. दोन्ही हातांनी, ताणून. त्या पदराला ठिगळ होतं.

मी करंडा उघडला.

"कुकू नगं," ती म्हणाली. "ते त्येंच्यासंगं गेलं. हाळद लाव."

मी हळद लावली. खण ठेवला, त्यावर नारळ ठेवला. मग तांदूळ. पहिली मूठ घालताना दाणे खाली सांडले, दुसरी नीट पडली. दारात हे उभे होते, त्यांच्यामागे मिस्त्री. वर एक तुळई करकरली.

"आक्का, दिवाळीपर्यंत परत या," मी म्हटलं.

"येते," ती म्हणाली. पदर पोटाशी आवळला आणि उंबरा ओलांडून चालू लागली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. चार दिवस जिला हलवता येत नव्हतं, ती बाई इतकी भरभर चालली, की मला तिच्यामागे पळावं लागलं. ह्यांनी आणि गड्यांनी ट्रंक, वाकळ, भांडी दोन फेऱ्यांत बाहेर काढली. तुरीच्या पोत्यासाठी तिसऱ्यांदा आत जायला निघालेल्या गड्याला मिस्त्रींनी शर्टाला धरून मागे ओढलं.

आम्ही रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली थांबलो. भिंत लांबूनच ओढून पाडायला मिस्त्री धिऱ्यांना दोर बांधायच्या विचारात होते. दोर हातातच राहिला. आधी भिंत नुसती वाकल्यासारखी वाटली, जशी एखादी बाई हंडा उतरवायला वाकते. मग सगळं एकदम खाली गेलं. आवाज फार मोठा नव्हता. धूळ मात्र इतकी उठली, की डोक्यावरचा लिंब दिसेनासा झाला.

धूळ खाली बसली तेव्हा सातवी खोली नव्हती. मघाशी आम्ही दोघी जिथं सूप घेऊन बसलो होतो, तिथं तुळया एकावर एक पडल्या होत्या आणि त्यांच्यावर छातीएवढी माती.

मी रस्त्यातच खाली बसले. रडू येत होतं की हसू, तेही कळेना.

केराआक्का लिंबाला टेकून उभी होती, ओटी पोटाशी धरून. ती बराच वेळ बघत राहिली. "दमली व्हती बिचारी," ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उठ गं. आता काय रडतीस? समदी भाईर हाईत."

"मीही आहे बरं का," आमचे हे म्हणाले. "अजून तरी."

पहिले हसले ते मिस्त्री, मग गडी, मग ती. मी सगळ्यांत शेवटी.

*

सहा महिने ती आमच्या पडवीत राहिली. डाळमिलच्या मुकादमानं पोत्याबद्दल कटकट केली, तेव्हा हिनं त्याला मातीच्या ढिगाऱ्यापाशी नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "उकर आन् ने." माझ्या लेकींना तिनं ओव्या शिकवल्या, आणि कडक भाकरी कशी थापायची तेही. खण तिनं धाकटीला परकराला दिला. नारळ पहिल्याच दिवशी फोडून सगळ्या गड्यांना वाटला. तांदूळ शिजवले, तेही मिस्त्रींना बोलावून. तिच्या मनानं काम झालेलं होतं. मला मात्र स्लॅबचं पाणी, खिडक्यांचे गज, दारांची उंची यातून डोकं वर काढायला कार्तिक उजाडला.

सातही खोल्या एका दिवशी उघडल्या. सहा बिऱ्हाडं नटूनथटून आली. कुणी दारात रांगोळी घातली, कुणी दूध उतू घालवलं, कुणी खिडकी दहादा उघडून-मिटून बघितली. केराआक्का सकाळीच सामानासकट आमच्या घरून निघून आली होती. मी येईपर्यंत थांबलीसुद्धा नाही.

माझ्याकडे सात किल्ल्या होत्या. सहा देऊन झाल्या. सातवी घेऊन मी शेवटच्या दाराशी गेले. दाराला अजून कुलूप घातलेलं नव्हतंच, ते सताड उघडं होतं. आत ट्रंक तशीच बांधलेली, भांडी पोत्यात. आणि केराआक्का नुसत्या गार फरशीवर, हात उशाला घेऊन, गाढ झोपली होती. सकाळचे अकरा वाजलेले, बाहेर पोरांचा कालवा, पलीकडे कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं. तिला कशाचा पत्ता नव्हता. बारीक घोरत होती.

आमच्या पडवीत सहा महिन्यांत मी तिला दिवसा कधी आडवी झालेली बघितली नव्हती.

किल्ली कुठं ठेवावी ते कळेना. मी पाय न वाजवता आत गेले, ती ट्रंकेवर ठेवली. तरी लोखंड वाजलंच.

"कोन हाय?" ती डोळे न उघडता म्हणाली.

"मी आहे, आक्का. शालन."

"बरं," ती म्हणाली, आणि नव्या भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपली.